छठीचा कागद

१

सातव्या दिवशी सकाळी मायनं पाटावरचा कागद उचलला, तर हळदीच्या बोटांतून निळं फुटून वर आलं होतं.

आमच्या घरची रीत अशी. बाळ सहा दिवसांचं झालं की संध्याकाळी बाळंतिणीच्या उशाशी पाट मांडायचा. पाटावर तांदळाची रास, एरंडेलाचा दिवा, एक पेन आणि घडी घातलेला कोरा कागद. कागदाच्या कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट लावायचं. रात्री छठीमाय येते, बाळाचं नशीब लिहिते आणि जाते. सकाळी कागद न उघडता पत्र्याच्या डब्यात टाकायचा, डबा धानाच्या कोठीत. उघडायचा नाही, कारण नशीब माणसानं वाचायचं नसतं. शिवाय कागद कोराच असतो. या दोन्ही गोष्टी आम्हांला एकाच वेळी माहीत असतात आणि त्यांचं आपसांत कधी भांडण झालेलं नाही.

त्या सकाळी झालं. माझी माय, सुशिलाबाई, सहीपुरतीच शिकलेली. तिनं घाबरून कागद उघडला आणि तसाच बाबूजींच्या हातात दिला. बाबूजींनी, म्हणजे रामलाल टेंभऱ्यांनी, चष्मा लावला. जाड निळी अक्षरं, पाटावरच्या पेनाची नव्हेत. एकच ओळ.

‘ही पोरगी आपल्या मायजवळच राहील.’

बाबूजींनी चष्मा काढून विचारलं, “रात्री खोलीत कोन कोन होतं?”

साऱ्या घराची चूक त्याच प्रश्नात झाली. पण मला ते कळेपर्यंत बारशापर्यंतच्या पाच दिवसांतले चार निघून गेले होते.

२

माझ्या धाकट्या भावाचा, हेमेंद्रचा, फोन आला तेव्हा मी गोंदियात, भाड्याच्या खोलीला कुलूप लावत होते. कडेवर दोन वर्षांची लेक गुड्डी, खांद्याला पिशवी. तिला घरमालकिणीकडे सोडायचं आणि अकरावीच्या वर्गावर पळायचं, हा माझा रोजचा क्रम. मी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवते, तासिका तत्त्वावर. नवरा फॉरेस्टमध्ये, अहेरीकडे. महिन्यातून दोन दिवस येतो, आणि गुड्डी त्यातला पहिला दिवस त्याला ओळखत नाही.

त्या आठवड्यात वर्गात नियतिवाद चालू होता. माणूस करतो ते त्याच्या मनानं करतो, की आधीच्या कारणांनी ते ठरलेलंच असतं? स्टाफरूममधले समाजशास्त्राचे सर हसून म्हणायचे, मॅडम, मुलीचं गाव, बापाची जमीन आणि जात सांगा, तिचं लग्न कुठल्या वर्षी होईल ते मी सांगतो. दहांत आठदा त्यांचं बरोबरही यायचं. मराठीच्या बाई म्हणत, गोष्टीतला राजा भविष्य टाळायला पळतो आणि पळतपळत त्याच्याच दारात जातो. वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, आपण मोकळे आहोत हेही नशिबातच लिहिलेलं असलं तर?” घंटा झाली म्हणून मी सुटले होते.

हेमेंद्र फोनवर फक्त एवढंच बोलला, “ताई, बारशाले येशीलच. जराशी अगोदर ये ना.” हेमेंद्र तसा कमीच बोलतो. बाबूजींसमोर तर बोलतच नाही.

नवव्या दिवशी काळी-पिवळी जीपमध्ये बसून मी माहेरी, कामठ्याला उतरले. धान कापून झालं होतं, शेताच्या बांध्या उघड्या पडल्या होत्या आणि घरात इतकी माणसं असून कोणाचाच आवाज नव्हता.

हर्षिताला, हेमेंद्रच्या बायकोला, ही दुसरी मुलगी. मोठ्या भावाच्या, उमेंद्रदादाच्या, लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूल नाही. त्यामुळे हर्षिताला दिवस गेले तेव्हाच बाबूजींनी ठरवून टाकलं होतं: मुलगी झाली तर बारशाच्या दिवशी दादाच्या बायकोच्या, शामकलावहिनीच्या, ओटीत. हर्षिताला कोणी विचारलं नाही. शामकलावहिनीलाही नाही, कारण तिला काय विचारायचं, तिच्यासाठीच तर चाललं होतं.

आता कागद निघाला. दार रात्रभर आतून बंद. आत दोघीच होत्या, हर्षिता आणि दाई फुलवंता. फुलवंता अंगठाबहाद्दर. म्हणजे लिहिणारी हर्षिता आणि चोरून शाई आणून देणारी फुलवंता, असा बाबूजींचा निकाल. फुलवंताला दुसऱ्याच दिवशी घरी यायला बंदी झाली. आणि बारसं झालं की बाळ वहिनीजवळ, हर्षिता सहा महिने माहेरी, इटियाडोह धरणाच्या पलीकडे. दूध आटलं की परत.

“देवाच्या कागदावर खोटं लिहनं म्हनजे काय खेळ हाय?” बाबूजी मला म्हणाले. “नशिबात जे हाय ते होतेच. कोनाच्या बापाले चुकत नाही.”

मी विचारलं, मग हा कागद तरी नशीबच कशावरून नाही. ते उठून खळ्यावर निघून गेले.

३

बाळंतिणीनं दहा दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. हर्षिता त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, बाळ मांडीवर. मी गुड्डीला खाली सोडलं. गुड्डी बाळाच्या मुठीकडे बघत राहिली.

मी सरळच विचारलं. तीही सरळच बोलली.

“लिहाची अक्कल असती तं नऊ महिन्याअगोदर तोंडानंच बोलली असती ना बाई. आता सारे म्हनतात मी लिहलं, आणि मले वाटते, खरंच काऊन नाही लिहलं.” मग हसल्यासारखं करून म्हणाली, “बाबूजीच्या मनासारखं निघालं असतं तं छठीमायनं लिहलं म्हनले असते.”

मी विचारलं, रात्री जाग आली होती का. तर पाच-सहा वेळा, दूध पाजायला. दिवा जळत होता, कागद होता तिथंच होता. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

बाहेर पडताना तिनं मागून विचारलं, सहा महिन्यांनी बाळ आईला ओळखतं का. मी तत्त्वज्ञान शिकवते. मला यातलं काही येत नाही. माझी मुलगी बापाला एका दिवसानं ओळखते, एवढं सांगितलं.

फुलवंता तळ्याच्या पाळीवर तिच्या झोपडीसमोर मोहाची पानं सुकवत बसली होती. मला आणि माझ्या दोन्ही भावांना तिच्याच हातांनी या जगात ओढलेलं. तिचा राग वेगळाच होता.

“छठीमायले मी वळखतो, पोरी. हजार पोरायच्या उशाशी बसली असन मी. ते लिहते ते कपाळावर लिहते. कागदाले कोन हात लावते? कागद तं तुम्हा शिकल्या लोकायचं नाटक.”

मी तिला सहावा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. त्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडे घरात माणूस राहत नाही. दंडारीचं सोंग-नाटक असतं, झुले असतात, जिलेबी असते. दुपारपासून बाबूजी, माय, दोघं भाऊ, हर्षिताची मोठी मुलगी, सारे तिकडे. फुलवंता शेगडी घेऊन खोलीच्या दारातच बसून होती, बाळंतिणीला शेक देत. हर्षिता उंबऱ्याबाहेर आली नाही. दिवेलागणीला सारे परतले, मायनं देवघरात कागदाला हळद लावली, फुलवंतानं ताट आत नेलं, दार लावलं.

“आणि शामकलावहिनी?”

“ते कुठं जाते मंडईले? होती आपल्या खोलीत. पन शिलाई मशिनीचा आवाज नव्हता.” फुलवंतानं एक पान उलटवलं. “मले वाटलं, झोपली असंल बापडी.”

४

बाबूजींनी कागद आपल्या डायरीत ठेवला होता. दहाव्या दिवशी ते सोसायटीत गेले तेव्हा मी तो काढला आणि गुड्डी झोपली होती तेवढ्या वेळात अंगणाच्या उन्हात धरून पाहिला.

पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते असं, की धमकी कुठंच नव्हती. हिला नेलं तर वाईट होईल, घर बुडेल, असं काही नाही. बाळ वाचवायला निघालेली आई असती, तर तिनं माणसांना घाबरवणारं लिहिलं असतं. हे कोणाला घाबरवायला लिहिलेलंच नव्हतं. नुसती नोंद करून ठेवल्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे अक्षरं काडीनं काढलेली होती, पण एकाचीही ओढ चुकलेली नव्हती. हात सरावाचा होता.

आणि तिसरं, जे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. एरवी अक्षरं सुकी, स्वच्छ. पण ‘ही’ आणि ‘राहील’ हे दोन शब्द कोपऱ्यांजवळ, घडीच्या आत, नेमके हळदीखाली होते. तेवढेच विरघळून पसरले होते.

मी उन्हातच बसून राहिले. रात्री कोणी लिहिलं असतं तर तोवर हळद वाळलेली असती. निळं तिच्यावर चढून बसलं असतं. इथं ओल्या हळदीनं अक्षर भिजवलं होतं. म्हणजे हळद लागली तेव्हा अक्षर आधीच तिथं होतं. कागद खोलीत गेला तो लिहिलेलाच गेला. रात्री खोलीत कोण होतं हा प्रश्नच चुकीचा होता. छठीमाय रात्री लिहिते, म्हणून आम्ही सारे रात्रीच शोधत बसलो होतो.

हर्षिता सुटली. फुलवंताही सुटली.

मायला विचारलं, तर ती म्हणाली, देवघरात कागद घडी घातलेलाच होता, बाबूजींनीच घातली असेल, मी वरून हळद लावली. बाबूजी आल्यावर सहज विचारल्यासारखं त्यांना विचारलं. मंडईला जाताना वहीतून पान फाडून देवघरात घंटीखाली ठेवलं होतं, एवढंच.

“घडी घातली होती?”

“घडी कायले घालू? सपाट ठेवला होता.”

दुपारी सपाट, संध्याकाळी घडी. मधे घर रिकामं होतं.

मी बोट ओलं करून एका अक्षराच्या टोकाला लावलं होतं. रंग लगेच उतरला. शाईचा वास नव्हता. ही नीळ होती, कपड्यांची. चुलीपाशी जाऊन मायला विचारलं, घरात नीळ आहे का. माय भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “आपल्या घरी कोन घालते पांढरे कपडे? शामकलाजवळ असंल. कपडा कापाले निशानी करते ना ते निळीनं.”

५

ज्या बाईला मूल मिळणार होतं, तिनंच ते आपल्याला मिळू नये असं का लिहावं? तर्कशास्त्रात मी मुलांना सांगते, की निष्कर्ष विचित्र वाटला म्हणून खोटा ठरत नाही. आधीची विधानं पुन्हा तपासा. त्यातलं एक विधान घरातलं कोणीच कधी तपासलं नव्हतं: शामकलाला मूल हवंच आहे.

अकराव्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. दोरीला नवा पाळणा टांगलेला, उमेंद्रदादानं बालाघाटहून आणलेला. मशीनवर कोणाच्या तरी ब्लाउजचं पांढरं अस्तर, त्यावर पुसट निळ्या रेघा. खुंटीला गावभरच्या बायांचे कपडे. मी नजर फिरवून पाहिलं. सगळ्या कामठ्याच्या पोरांची झबली शिवणाऱ्या त्या खोलीत एकही झबलं नव्हतं, एक कुंचीसुद्धा नाही. उद्या जी बाळ घेणार होती, तिनं बाळासाठी एक टाका घातला नव्हता.

“बसा ना बाई,” वहिनी म्हणाली. गुड्डीला तिनं चिंध्यांची टोपली दिली. मग माझ्या हातातला कागद पाहिला आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं, ते चालू नव्हतं तरी.

मी कागद मशीनवर ठेवला. ती आपणहून, माझ्याकडे न बघता, सांगू लागली. ती बारा दिवसांची असताना तिला अशीच चोरखमारा गावाजवळच्या एका मावशीच्या ओटीत घातलं होतं. मावशीनं कमी काही केलं नाही. पण एका आईकडे गेली की ‘तिकडची आली’ म्हणत, दुसरीकडे गेली की ‘इकडची नाही ना’ म्हणत. आमच्या घरी सगळे थट्टा करायचे की शामकलाला दोन माहेरं, तरी दिवाळीला ती कुठंच जात नाही. मीही केली होती ती थट्टा.

“दोन माया होत्या मले,” ती म्हणाली. “दोन्ही घरी पाहुनीच राहिलो.”

मी म्हटलं, तर मग नको म्हणायचं होतं.

“कोनाले म्हनू? चौदा वर्सं सारे माह्यासाठी नवस करून राहिले. आता नको म्हनलं तं म्हनतील, इचं मनच कोरडं, तवाच कूस कोरडी.” तिनं अस्तरावरची निळी रेघ अंगठ्यानं घासली. “आणि मी मानसायसाठी लिहलंच नव्हतं बाई. कागद तं कोनी उघडत नाही. छठीमायनं एकदा लिहलं का खोडता येत नाही म्हनतात. म्हनून मी तिच्या आधी लिहलं. म्हनलं, येईल, भरलेला कागद पाहील, आणि चालली जाईल.”

मला वाटलं होतं, की ज्याचा नशिबावर विश्वास असतो त्याचे हात बांधलेले असतात. ही बाई पूर्ण विश्वास ठेवून, तितक्याच शांतपणे, जागा पकडायला जावं तशी तिच्याआधी जाऊन बसली होती.

“हर्षितावर आळ आला, तेव्हा का नाही सांगितलं?”

तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. “सांगितलं का ते खोटं होते ना. मी लिहलं असं कळलं का मंग ते नशीब नाही राहत.” मग हळू म्हणाली, “आणि भ्यालो. ते बी हाय.”

मी कागदाची घडी घातली. बाबूजींना मी एवढंच सिद्ध करून दाखवणार, की हर्षितानं लिहिलं नाही. त्यापुढचं मी सांगणार नाही. पण एवढ्यानं बाळ वाचणार नव्हतं. कागद खोलीबाहेरच्या कोणीतरी लिहिला म्हणून बाबूजी आपला बेत बदलणारे नव्हेत. हे मी तिला सांगितलं, आणि म्हटलं, “उद्या काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, वहिनी.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं हे वाक्य तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

६

बारशाला आया-बाया जमायच्या आधी मी बाबूजींसमोर वहीची दोन पानं ठेवली. एकावर निळीनं लिहून, वाळवून, वर ओली हळद लावली. दुसऱ्यावर आधी हळद, ती वाळल्यावर नीळ. पहिल्यातलं अक्षर पसरलं. दुसऱ्यातलं जसंच्या तसं राहिलं. छठीचा कागद मी पहिल्याशेजारी ठेवला. बाबूजी जुने हिशेबी माणूस. त्यांनी तिन्ही पानं दोनदा पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

“मंग कोनं लिहलं?” शेवटी त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.

“ठीक हाय. सुनेवर आळ आला तं चुकलं. फुलवंतालेबी बोलवा. पन ठरलं ते ठरलं.” आणि ते उठून बाहेर पाहुण्यांत जाऊन बसले.

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. मग बाया सरकून बसल्या. हर्षिता बाळ घेऊन उभी राहिली. ती रडत नव्हती; नऊ महिन्यांत रडून झालं असावं. समोर पाटावर शामकलावहिनी. आता तिनं फक्त पदर पसरायचा होता.

माय म्हणाली, “पसर वं.”

वहिनी उठली. पदर हातात घेतला, घट्ट ओढला आणि कमरेला खोचला. शेतात वाकायच्या आधी बाई खोचते तसा.

“कागद मी लिहला,” ती म्हणाली. आवाज लहानच होता, पण ओसरीवर बसलेल्या माणसांपर्यंत गेला. “हर्षितानं नाही. मीच. आणि मले पोरगी नाही पाहिजे. आनखी कोनाचीच नाही पाहिजे.”

ओसरीवर बाबूजी काहीतरी बोलायला लागले होते. उमेंद्रदादा, जो त्यांच्यासमोर कधी बसतही नाही, पुढं आला आणि म्हणाला, “तिनं सांगितलं ना बाबूजी.” एवढंच. चौदा वर्षांत त्या नवराबायकोचं आपसांत काय बोलणं झालं असेल, मला माहीत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की झालं असेल.

वहिनी सरळ आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला. हर्षिता बाळाला छातीशी धरून खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली. बाहेर बायांत कुजबुज होती, मन कोरडं, कूस कोरडी, तेच सगळं. वहिनीला ते खोलीत ऐकू जात होतं. मशीन थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मायकडून कोठीतला डबा मागितला. गुड्डीचा जन्मही याच घरातला, बाळंतपणाला मी माहेरीच आले होते. आम्हा भावंडांचे कागद कधीच कुजून गेले होते. डब्यात तीन घड्या होत्या: हर्षिताच्या दोघींच्या, धाकटीची कालच परत ठेवलेली, आणि गुड्डीची. एरवी मी हे कधी केलं नसतं. पण काडीनं लिहिलेल्या एकाही अक्षराची ओढ चुकलेली नव्हती; असा हात पहिल्याच कागदावर बसत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

गुड्डीच्या कागदाच्या कोपऱ्यावर हळद होती, आणि हळदीत अगदी बारीक, कोणाला दिसलं नसेल इतकं, निळं.

मी जिन्याखाली उभी राहून घडी उघडली.

‘ही आपल्या मनानं चालंल.’

दोन वर्षं तो कागद धानात पडून होता. शेवटच्या बाकावरची ती मुलगी मला आठवली, आणि आता घंटाही होणार नव्हती. वहिनीच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. मी कागद घडी करून डब्यात ठेवला, जिथं होता तिथंच, आणि पिशवी खांद्याला लावली.

आम्ही अंगणात उतरलो तेव्हा गुड्डीनं माझं बोट सोडलं आणि कोंबड्यांकडे निघाली. काळी-पिवळी हॉर्न देत होती. मी लगेच तिचा हात धरला नाही.